पायथनमधून सी लायब्ररी कॉल करताय? आधी नेस्टेड स्ट्रक्चर नीट मांडा

टेस्ट ऑटोमेशनमध्ये किंवा मशीनसोबत आलेल्या डीएलएलवर (विंडोजच्या लायब्ररी फाइलवर) काम करणाऱ्या नव्या पोरांच्या गळ्यात हे काम हमखास पडतं, की पायथन स्क्रिप्टमधून सीची लायब्ररी कॉल करून दाखव. नुसता इंट (पूर्णांक) पाठवायचा असेल तर सीटाइप्स, म्हणजे सीची फंक्शन्स कॉल करायचं पायथनमधलंच मॉड्यूल, मस्त चालतं, २००६ मध्ये पायथन २.५ सोबत आलं तेव्हापासून वेगळं इन्स्टॉल पण करावं लागत नाही. खरी गंमत स्ट्रक्चरच्या (सीमध्ये एकत्र बांधलेल्या फील्ड्सच्या गटाच्या) आत स्ट्रक्चर आलं, म्हणजे नेस्टिंग झालं, की सुरू होते.

आपण पायथनमध्ये डिक्शनरीत लिस्ट, लिस्टीत परत डिक्शनरी असं बिनधास्त कोंबतो. सीला त्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त कुठला बाइट कितव्या जागेवर आहे एवढंच कळतं. म्हणून सीटाइप्सच्या स्ट्रक्चरवरून क्लास बनवायचा आणि फील्ड्सच्या यादीत नाव आणि टाइप हेडर फाइलमधल्याच (लायब्ररीची स्ट्रक्चर्स आणि फंक्शन्स जिथे जाहीर केलेली असतात त्या सी फाइलमधल्याच) क्रमाने लिहायचे. क्रम बदलला की खेळ खलास, आणि एरर येईलच असं नाही, नुसते भलतेच आकडे येतात.

एक उदाहरण घेऊ. रीडिंग नावाच्या स्ट्रक्चरमध्ये आधी कॅर (१ बाइट), मग डबल (८), मग शॉर्ट (२). बेरीज १ + ८ + २ म्हणजे ११, पण ६४-बिट मशीनवर साइज येते २४! कारण डबलला ८ च्या पटीतली जागा लागते म्हणून कॅरनंतर ७ बाइट रिकामे जातात, आणि एकूण साइजही ८ च्या पटीत यावी म्हणून शेवटी परत ६. ही रिकामी जागा म्हणजे पॅडिंग, आणि सीटाइप्स ते स्वतःहून करतं. पण हेडरमध्ये कुठेतरी वर प्रॅग्मा पॅक १ (म्हणजे मध्ये रिकामी जागा सोडू नको) लिहिलेलं असेल तर साइज खरंच ११ होते, मग आपल्या क्लासमध्येपण पॅक १ द्यायचं, आणि ते फील्ड्सच्या आधी. एका कॅमेऱ्याच्या डीएलएलसोबत आलेल्या पीडीएफमध्ये याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे पीडीएफवर विश्वास ठेवू नका, हेडर उघडून बघा.

आता नेस्टिंग. डिव्हाइस स्ट्रक्चरमध्ये इंट आयडी आणि चार रीडिंग्ज आहेत. ती रीडिंग्ज आतच बसवलेली आहेत की बाहेर कुठेतरी आहेत आणि इथे फक्त पत्ता आहे, हे आधी बघा. आत असतील तर टाइप लिहायचा रीडिंग गुणिले ४, साइज ४ अधिक पॅडिंग ४ अधिक ९६, म्हणजे १०४. पत्ता असेल तर रीडिंगचा पॉइंटर (पत्ता ठेवणारा टाइप, ८ बाइटचा), आणि सगळं मिळून १६ बाइट. हेडरमधलं पॉइंटरचं ते एक तारा-चिन्ह (*) नजरेतून सुटलं की झालं. लिंक्ड लिस्टसारखं स्वतःकडेच बोट दाखवणारं स्ट्रक्चर असेल तर आधी रिकामा क्लास करा, फील्ड्स नंतर खाली द्या, नाहीतर पायथन म्हणेल हे नावच माहीत नाही.

पॉइंटरवाल्या प्रकारात अजून एक भानगड आहे. लायब्ररीने तो पत्ता पुढच्या कॉलसाठी स्वतःकडे ठेवला असेल आणि तुमचा अ‍ॅरे फंक्शनमधला लोकल असेल, तर फंक्शन संपल्यावर पायथन तो साफ करून टाकतो, लायब्ररी मात्र तिथेच वाचत बसते. मग कधी चालतं कधी क्रॅश, आणि डिबग करताना तर नेमकं चालतं. म्हणून अ‍ॅरे क्लासच्या सेल्फवर, म्हणजे ऑब्जेक्टमध्येच, ठेवा. कॉलबॅकचं (लायब्ररी उलट कॉल करते त्या आपल्या पायथन फंक्शनचं) पण तेच.

प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या व्हॅल्यूंचे टाइप) आणि रेसटाइप (परत येणाऱ्या व्हॅल्यूचा टाइप) दोन्ही द्याच. रेसटाइप दिला नाही तर सीटाइप्स इंट समजतं आणि ६४-बिट पत्त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. लाँगला सी-लाँगच लिहा, विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४-बिट लिनक्सवर ८ चा.

माझी सवय अशी आहे की पहिल्या कॉलच्या आधी चार ओळींचा सी प्रोग्राम लिहायचा, त्यात साइझऑफ (स्ट्रक्चरची साइज) आणि ऑफसेटऑफ (फील्ड कितव्या बाइटवर आहे) प्रिंट करायचे आणि पायथनच्या आकड्यांशी ताडून बघायचे. स्ट्रक्चर्स खूपच असतील तर सीएफएफआय ही सीटाइप्ससारखीच दुसरी पायथन लायब्ररी बघा, त्यात सीचं डिक्लरेशन जवळपास जसंच्या तसं पेस्ट करता येतं, फक्त हॅश-इन्क्लुडसारख्या ओळी काढाव्या लागतात.