राउटरचं फर्मवेअर तपासलंत का?

इंदूरला रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, राउटर एकदा भिंतीवर लागला की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. धोका तिथेच आहे. बहुतेक राउटरमध्ये फर्मवेअर म्हणून, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर म्हणून, छोटं लिनक्स (एक ऑपरेटिंग सिस्टिम) चालतं आणि सेटिंगच्या पानावर ‘पिंग’साठी, म्हणजे एखाद्या पत्त्यापर्यंत नेटवर्क पोहोचतं का ते तपासायला, पत्ता टाकायची चौकट असते. तिथे टाकलेला मजकूर फर्मवेअर नीट तपासत नसेल, तर पत्त्यापुढे अर्धविराम (;) देऊन कोणी आपली आज्ञा जोडतो, आणि राउटर ती मुकाट पाळतो, बहुधा रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारानं. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये देश निवडायच्या रकान्यातच अशी फट होती (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-१३८९). तिला पासवर्डही लागत नव्हता. २०२३ मध्ये मिराई बॉटनेटनं, म्हणजे हॅकरांनी ताबा घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्यानं, तिचा फायदा घेतला. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, फर्मवेअरही अपडेट करावं लागतं.

राउटर उलटा करून स्टिकरवरचं मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन, दोन्ही टिपून घ्या. व्ही१ चं फर्मवेअर व्ही३ वर चढवलं तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, शक्यतो केबल लावून अपडेट करा, आणि लाइट जायची शक्यता असेल तेव्हा मुळीच करू नका. ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून, इंटरनेटवरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड वायफायपेक्षा वेगळा हवा.

राउटर इंटरनेटवाल्यानं दिलेला असेल तर अपडेट बहुधा त्याच्याच हातात असतं. फोन करून विचारा. कंपनीनं अपडेट देणं थांबवलं असेल तर, माझ्या मते, राउटर बदलाच.