दसऱ्याचा ॲस्टर: बी ताजे, जमीन नवी

मृग लागला की ॲस्टरची रोपवाटिका टाकण्याची लगबग सुरू होते. वाफे करण्याआधी एकदा पंचांग उघडा. बी टाकल्यापासून फुले काढणीला येईपर्यंत साडेतीन ते चार महिने जातात, आणि बहर थोड्या दिवसांत आटोपतो. झेंडूसारखी तोड्यावर तोडा मिळत नाही. 2023 साली अधिक मास आल्याने दसरा 24 ऑक्टोबरला होता, 2025 साली 2 ऑक्टोबरलाच. गेल्या वर्षीच्याच तारखेला बी टाकणाऱ्याचा माल मग सण उलटल्यावर तयार होतो. सणापासून मागे मोजा. सगळे बी एकदम न टाकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत टाका. पहिला टप्पा दसऱ्याला, पुढचे दिवाळीला.

दांड्याच्या फुलांसाठी मला हाच हंगाम सर्वांत भरवशाचा वाटतो. ॲस्टरचा दांडा लांबायला मोठा दिवस लागतो. हिवाळ्यात लावलेली रोपे जमिनीला धरून बसतात, दांडा आखूड राहतो आणि फुले दांड्याविना सुटी विकावी लागतात. वाणांमध्ये पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्राचे फुले गणेश व्हाइट, पिंक, व्हायोलेट आणि पर्पल आपल्याकडे चांगले रुळले आहेत. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे कामिनी, पौर्णिमा, शशांक हेही चांगले. एकाच रंगावर भिस्त ठेवू नका.

ॲस्टरचे बी फार लवकर जुने होते. या उन्हाळ्यात धरलेले बी चालेल. वर्षभर डब्यात पडून राहिलेले बी फुकट मिळाले तरी घेऊ नका. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. साठ-सत्तरच्या खाली उगवले तर ते बी वाफ्यात टाकू नका. गादीवाफा मीटरभर रुंद आणि वीतभर उंच करा, चाळलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून घ्या, बोटभर अंतरावर ओळी पाडून बी उथळ पेरा. पावसाच्या सरींनी बी उघडे पडते, म्हणून वाफ्यावर प्लॅस्टिकचा बोगदा करा, पण त्याची तोंडे मोकळी ठेवा. कोंडलेल्या ओलीत रोपे कोलमडतात. तशी लक्षणे दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम या प्रमाणात मिसळून आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. तांब्याचे औषध आणि ट्रायकोडर्मा एकत्र देऊ नका. तांब्यापुढे ती उपयोगी बुरशीही टिकत नाही.

आता जमिनीबद्दल. ॲस्टर करणाऱ्याचे नुकसान मर रोगाइतके दुसरे कशानेही होत नाही. रोपे जोमात वाढतात, कळी धरतात आणि मग झाडाची एकच बाजू पिवळी पडून मान टाकते. खोड उभे चिरले की आत तपकिरी रेषा दिसतात. या अवस्थेत कोणत्याही औषधाने झाड वाचत नाही. ते मुळासकट उपटून जाळा. ही फ्युजेरियम बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. म्हणून जिथे एकदा ॲस्टर झाला तिथे निदान तीन-चार वर्षे पुन्हा नको. ॲस्टरवरची ही जात दुसऱ्या पिकांना त्रास देत नाही, त्यामुळे मधल्या काळात कांदा, झेंडू, भाजीपाला, काहीही घ्या. शेजारच्या वरच्या रानात गेल्या वर्षी ॲस्टर असेल तर तिथले पावसाचे पाणी आपल्या वाफ्यांत उतरू देऊ नका. बेवड (पिकांची फेरपालट) बदलला पण हे पाणी विसरले, असे झालेले मी पाहिले आहे, आणि भरल्या कळीतला प्लॉट जाताना बघणे फार जड जाते.

महिन्याभरात चार-सहा पानांची रोपे झाली की संध्याकाळी लावा. अंतर 30 बाय 30 सेंमी ठेवले तर गुंठ्याला साधारण अकराशे रोपे बसतात. सरी-वरंब्यावर लावा, मुळे उथळ असल्याने पाणी साचलेले अजिबात चालत नाही. नत्र दोन हप्त्यांत द्या, निम्मे लागवडीला आणि निम्मे महिन्याने. जास्त युरियाने दांडा लुसलुशीत होऊन पावसात लोळतो आणि मावाही वाढतो. तुडतुड्यांकडे लक्ष असू द्या. फुले हिरवट, पाने बारीक पिवळी अशी झाडे दिसली तर तो तुडतुड्यांनी पसरवलेला रोग आहे. अशी झाडे लगेच काढा.

काढणी पहाटे किंवा उन्हे उतरल्यावर करा. बाहेरच्या पाकळ्यांच्या दोन-तीन फेऱ्या उघडल्या, मधला भाग अजून घट्ट आहे, तेव्हा जमिनीपासून चार-पाच बोटे सोडून दांडा कापा. खालची पाने काढून दांडे लगेच पाण्याच्या बादलीत सावलीला उभे करा, कारण ॲस्टरची पाने फुलांच्या आधी मलूल होतात आणि जुडीचा दर तिथेच पडतो. मुंबईत दादरच्या किंवा पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात माल रात्रीच्या गाडीने जाणार असेल तर जुड्या बांधण्याआधी फुलांवर पाण्याचा थेंबही राहू देऊ नका.