लुईस संरचना काढताना: आधी हिशेब, मग ठिपके

रेणूची ठिपक्यांची आकृती चुकते ती बहुतेक वेळा बेरीज चुकल्यामुळे. दोन ठिपके जास्त पडले की कार्बनला पाच बंध येतात, नायट्रोजनवर भलताच प्रभार दिसतो आणि पुढे आकार, ध्रुवीयता (प्रभाराची असमान वाटणी), उत्कलनबिंदू सगळंच घसरत जातं. इलेक्ट्रॉनची सामायिक जोडी म्हणजे बंध, ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. तिच्यावर उभी असलेली ही पद्धत मुळात जमाखर्चाची आहे: अणूंनी किती इलेक्ट्रॉन आणले आणि ते कुठे खर्ची पडले. म्हणून पहिली रेघ मारण्याआधी समासात एक आकडा लिहा, एकूण संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सर्व अणूंच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन. तो शेवटपर्यंत खोडायचा नाही.

त्याआधी: हा रेणू आहे का?

सोडिअम क्लोराइडमध्ये रेणू नसतो. सोडिअमची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता) ०.९३ आणि क्लोरिनची ३.१६, इतक्या फरकामुळे इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे क्लोरिनकडे जातो. अशा वेळी दोन आयन वेगवेगळ्या चौकटी कंसांत लिहायचे आणि प्रभार कंसाबाहेर. मध्ये रेघ मारली की उत्तर चुकलं. अमोनिअम नायट्रेटसारख्या संयुगात दोन्ही प्रकार एकत्र असतात: अमोनिअमच्या आत सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले), नायट्रेटच्या आत सहसंयुज बंध आणि दोघांमध्ये आयनिक आकर्षण. त्याच्या दोन स्वतंत्र आकृत्या काढा.

दुसरा फसवा पदार्थ सिलिकॉन डायऑक्साइड. सूत्र कार्बन डायऑक्साइडसारखं दिसतं म्हणून अनेक जण तशीच दुहेरी बंधांची आकृती काढतात. त्याचं स्फटिकरूप असलेल्या क्वार्ट्झमध्ये मात्र प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांना एकेरी बंधांनी जोडलेला असतो आणि हे जाळं स्फटिकभर पसरलेलं असतं. सूत्र तिथे फक्त प्रमाण सांगतं.

इलेक्ट्रॉन मोजणे

आवर्तसारणीतल्या गण (उभा स्तंभ) १ व २ साठी गणाचा क्रमांक हाच आकडा. गण १३ ते १८ साठी क्रमांकातून १० वजा करा: कार्बन ४, नायट्रोजन ५, ऑक्सिजन ६, हॅलोजन ७. हेलिअम तेवढा अपवाद, त्याचे २. अणुअंक इथे वापरायचा नाही; आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन या हिशेबात येत नाहीत.

आयन असेल तर ऋण प्रभार म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवणे आणि धन प्रभार म्हणजे वजा करणे. सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण 'ऋण' दिसलं की हात आपसूक वजाबाकी करतो. कार्बोनेट: ४ + १८ + २ = २४. अमोनिअम: ५ + ४ − १ = ८.

सांगाडा उभा करणे

मध्यभागी सहसा सर्वांत कमी विद्युतऋणतेचा अणू येतो. हायड्रोजन कधीच मध्यभागी नसतो, त्याची धाव दोन इलेक्ट्रॉनपर्यंतच. फ्लोरिनही काठावरच राहतो. ऑक्सिजनयुक्त आम्लांमध्ये मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका. हायपोक्लोरस आम्लात क्लोरिनची विद्युतऋणता ऑक्सिजनपेक्षा कमी असूनही मध्ये ऑक्सिजन असतो. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लातही आम्लधर्मी हायड्रोजन ऑक्सिजनलाच जोडलेला असतो. तो नायट्रोजनला किंवा सल्फरला चिकटवला तर आकृती वेगळ्याच पदार्थाची होते.

आता मध्यवर्ती अणूपासून प्रत्येक शेजाऱ्यापर्यंत एकेरी बंध काढा. प्रत्येक रेघेमागे समासातल्या आकड्यातून २ वजा. उरलेले इलेक्ट्रॉन आधी काठावरच्या अणूंना द्या, त्यांचं अष्टक (अणूभोवतीचे आठ इलेक्ट्रॉन) भरेपर्यंत. काही शिल्लक राहिले तर मधल्या अणूवर. मधल्या अणूला आठ पुरले नाहीत तर काठावरच्या अणूची एक एकाकी जोडी (बंधात न गेलेली) आत ओढून दुहेरी बंध करा. नवे ठिपके आणायचे नाहीत, असलेलेच सरकवायचे.

दुहेरी बंध किती हवेत, याचा अंदाज आधीच येतो. प्रत्येक अणूला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनची बेरीज करा (हायड्रोजनला २, इतरांना ८), त्यातून प्रत्यक्षातले वजा करा आणि उत्तर निम्मं करा: एकूण बंध मिळतात. हायड्रोजन सायनाइडला लागतात २ + ८ + ८ = १८, आहेत १०, फरक ८, म्हणजे ४ बंध. हायड्रोजन एकच घेऊ शकतो, म्हणून उरलेले तीन कार्बन आणि नायट्रोजनमध्ये. कार्बन डायऑक्साइडला २४ लागतात, १६ आहेत: पुन्हा ४ बंध, दोन्ही बाजूंना दुहेरी.

हे सूत्र बिघडतं तेव्हाही उपयोगी पडतं. उत्तर अपूर्णांकात आलं तर रेणूत विजोड इलेक्ट्रॉन आहे. नायट्रिक ऑक्साइडचे ११ इलेक्ट्रॉन २.५ बंध सांगतात. जोडायच्या अणूंपेक्षा बंध कमी निघाले तर मधला अणू आठाच्या पुढे गेलेला आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये लागणारे ५६, असलेले ४८, म्हणजे ४ बंध. पण फ्लोरिन तर सहा आहेत. तिथे सल्फरभोवती १२ इलेक्ट्रॉन दाखवावे लागतात. ही सवलत तिसऱ्या आवर्तापासून पुढच्या अणूंनाच. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्याभोवती आठाहून जास्त ठिपके दिसले की आकृती चुकलेली आहे, तिथे अपवाद नाही.

औपचारिक प्रभाराचा ताळा

औपचारिक प्रभार म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंत निम्मे वाटले असं धरल्यास अणूवर येणारा प्रभार. प्रत्येक अणूसाठी: संयुजा इलेक्ट्रॉन − एकाकी इलेक्ट्रॉन − बंधांची संख्या. सर्व अणूंची बेरीज रेणूच्या एकूण प्रभाराइतकी आलीच पाहिजे. नाही आली तर मागे जाऊन मोजा.

नायट्रेट पूर्ण करून पाहू. एकूण ५ + १८ + १ = २४. तीन एकेरी बंधांत ६ गेले, उरले १८, तिन्ही ऑक्सिजनना सहा-सहा दिले की शून्य. नायट्रोजनकडे सहाच आहेत, म्हणून एका ऑक्सिजनची जोडी आत ओढली. आता ताळा: नायट्रोजन ५ − ० − ४ = +१, एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन प्रत्येकी ६ − ६ − १ = −१, दुहेरी बंधाचा ६ − ४ − २ = ०. बेरीज −१. जुळलं. नायट्रोजनवरचा +१ घालवण्यासाठी आणखी एक दुहेरी बंध काढायचा मोह होतो; तसं केल्यास त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन होतात. प्रभार राहू द्या, अष्टक मोडू नका.

दुहेरी बंध तिघांपैकी कोणत्याही ऑक्सिजनला काढता येतो, म्हणून तीन संस्पंदन संरचना काढून मध्ये दुटोकी बाण लिहायचा. नायट्रेट या तीन रूपांमध्ये उड्या मारत नाही. खरा आयन एकच असतो आणि त्याचे तिन्ही बंध मोजमापात सारख्याच लांबीचे निघतात. ओझोनमध्ये हे आकड्यांत छान दिसतं: बंधाची लांबी सुमारे १२८ पिकोमीटर, म्हणजे ऑक्सिजन रेणूतल्या १२१ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या जवळपास १४७ यांच्या मधली.

दोन वेगळ्या मांडण्या शक्य असतील तर ज्यात प्रभार शून्याजवळ आहेत ती निवडा. तेही सारखे असतील तर ऋण प्रभार जास्त विद्युतऋण अणूवर असलेली. नायट्रस ऑक्साइडमध्ये तिहेरी बंध दोन नायट्रोजनांमध्ये ठेवला तर −१ ऑक्सिजनवर येतो. दोन दुहेरी बंध काढले तर तो टोकाच्या नायट्रोजनवर. पहिली मांडणी सरस.

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हाच ताळा आपल्याला थांबवतो. बोरॉनचं अष्टक भरायला दुहेरी बंध काढला तर फ्लोरिनवर +१ येतो, आणि फ्लोरिनइतका विद्युतऋण अणू इलेक्ट्रॉन असा सोडत नाही. बोरॉनला सहावरच ठेवा. ही कमतरता खरी आहे: अमोनियाची एकाकी जोडी बोरॉन सहज स्वीकारतो. सल्फेटच्या बाबतीत पुस्तकांत दोन्ही आकृत्या दिसतील, चार एकेरी बंधांची आणि दोन दुहेरी बंधांची. दुसरीत प्रभार कमी असले तरी क्वांटम गणितं पहिलीच्या बाजूने कौल देतात. वापरायची तर अष्टक पाळणारीच वापरावी.

आकृतीवरून आकार

कागदावर काटकोनात काढलेल्या रेघा म्हणजे रेणूचा आकार नव्हे. मधल्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉनचे गट मोजा. एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध प्रत्येकी एकच गट, एकाकी जोडीही एक गट. दोन गट १८० अंश, तीन गट १२०, चार गट १०९.५. एकाकी जोडी बंधाच्या जोडीपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून मिथेनचा १०९.५ अंश अमोनियात सुमारे १०७ होतो आणि पाण्यात १०४.५.

मधल्या अणूवरचे उरलेले दोन ठिपके काढायला विसरलात तर सल्फर डायऑक्साइड सरळ दिसू लागतो. प्रत्यक्षात त्याचा कोन ११९ अंशांच्या आसपास आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बंध ध्रुवीय असूनही समोरासमोर असल्यामुळे त्यांचं ओढणं रद्द होतं. सल्फर डायऑक्साइडमध्ये होत नाही, म्हणून तो ध्रुवीय आहे.

आकारावरून गुणधर्म

इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे: बंध मजबूत, म्हणून उत्कलनबिंदू जास्त. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, तरी नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. उकळताना रेणू फुटत नाहीत, फक्त एकमेकांपासून सुटतात. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सुमारे ४६३ किलोज्यूलचा, पण १०० अंशांना एक मोल पाण्याची वाफ करायला ४१ च्या आसपास पुरतात. तिहेरी बंधाची ताकद नायट्रोजनच्या सुस्त रासायनिक वागण्यात शोधा, उत्कलनबिंदूत नव्हे.

उत्कलनबिंदूसाठी आकृतीत नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला थेट जोडलेला हायड्रोजन आणि त्याच तीन मूलद्रव्यांवरची एकाकी जोडी शोधा. दोन्ही असतील तर हायड्रोजन बंध तयार होतात. अमोनियापेक्षा दुप्पट जड असूनही फॉस्फिन उणे ८८ अंशांना उकळतो, अमोनिया उणे ३३ अंशांना. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइडमधली दरी त्याहून मोठी: १०० आणि उणे ६०.

ऑक्सिजन रेणूपाशी ही पद्धत हरते. १२ इलेक्ट्रॉन, दुहेरी बंध, सगळ्या जोड्या पूर्ण, हिशेब निर्दोष. तरीही द्रव ऑक्सिजन तीव्र चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, कारण त्यात दोन विजोड इलेक्ट्रॉन आहेत. ते ठिपक्यांत दिसत नाहीत. त्यासाठी रेणवीय कक्षकांची पद्धत लागते, जी इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूभर पसरलेले धरते.

सरावासाठी या क्रमाने घ्या, कंसात इलेक्ट्रॉन आणि बंधांची संख्या ताळ्यासाठी: हायड्रोनिअम (८, ३), फॉर्मल्डिहाइड (१२, ४), सायनाइड (१०, ३), ओझोन (१८, ३), फॉस्फेट (३२, ४), थायोसायनेट (१६, ४). शेवटी क्लोरिन ट्रायफ्लोराइड: २८ इलेक्ट्रॉन, तीन बंध आणि क्लोरिनवर दोन एकाकी जोड्या. त्याचा आकार त्रिकोणी आला तर त्या दोन जोड्या मोजायच्या राहिल्या आहेत. त्या धरल्या की पाच गट होतात आणि रेणू इंग्रजी 'टी' अक्षरासारखा निघतो.