नवरा गेल्यावर सातबारावर बाईचं नाव नेमकं कुठे लागलंय ते बघा

शेतकरी नवरा वारला की वारस नोंदीचा अर्ज ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा, मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते लावून. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनपण होतो, पोच मात्र जपून ठेवा. पण खरी मेख पुढेच आहे, फेरफार (म्हणजे नावबदलाची नोंद) मंजूर झाला की नवीन सातबारा काढून नीट वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी मुलांची नावं खातेदार म्हणजे जमिनीचे मालक म्हणून लागतात आणि बाईचं नाव 'इतर हक्क' या वेगळ्या रकान्यात टाकून देतात, मग पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सगळीकडे तिची अडवणूक होते. हिंदू वारसा कायद्यात विधवेला मुलामुलींइतकाच वाटा आहे, त्यामुळे तिचं नाव खातेदारातच हवं. तसं नसेल आणि नोंद अजून मंजूर झाली नसेल तर तिच्यावर हरकत घ्या, तलाठ्याच्या नोटिशीपासून १५ दिवस असतात, आणि नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) अपील करता येतं.

आणि प्लीज, तेराव्याच्या गडबडीत दीर किंवा सासरे "नुसती सही कर गं" म्हणाले तरी कागद वाचल्याशिवाय सही नको, हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा कागद) असलं तर जमीन हातची जाते.