वाजवण्यासाठी जुना ट्रम्पेट कसा निवडावा

विदर्भातल्या गावोगावच्या बँड पार्ट्यांकडे अजूनही जुने पितळी ट्रम्पेट सापडतात. काही बेसन किंवा बूसी अँड हॉक्सचे, इंग्रजी बनावटीचे. एखादा अमेरिकेतल्या कॉनचा, किंगचा किंवा 1979 साली बंद पडलेल्या ओल्ड्सचा. मेरठच्या जली कोठीत बनलेले तर बरेच. यातलं निरोगी वाद्य हाती लागलं, तर आजच्या स्वस्त नव्या ट्रम्पेटपेक्षा ते कितीतरी गोड वाजतं. मात्र भोंग्यावरच्या नावावर आणि पॉलिशवर भाळू नका. वरातीत तासन्‌तास वाजवायचं असेल, तर सूर आणि पिस्टन (बोटांनी दाबायचे, नळीत खालीवर सरकणारे तीन दट्टे) या दोनच गोष्टींवर सौदा ठरवा.

बघायला आषाढी एकादशीनंतर जा. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, त्यामुळे बँडवाले निवांत वाजवून बघू देतात आणि दुरुस्ती निघाली तरी लगीनसराईआधी ती उरकते. सोबत स्वतःचा माऊथपीस (ओठ लावून फुंकायचा तुकडा), व्हॉल्व्ह ऑइल (पिस्टनला लावायचं पातळ तेल), मऊ फडकं आणि मोबाइलमध्ये सूर मोजणाऱ्या ट्यूनरचं अ‍ॅप असू द्या.

आधी सूर

नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो. एकही पिस्टन न दाबता त्याचा ‘सा’ लावला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. पाच-दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम करा, मुख्य स्लाइड (सूर जुळवायला आतबाहेर सरकणारी वाकडी नळी) साधारण एक सेंटीमीटर बाहेर ओढा आणि हा सूर ट्यूनरवर पाहा. पेटीवर विसंबू नका, भजनी मंडळाची पेटी स्वतःच उतरलेली असू शकते.

हे इतकं महत्त्वाचं का? इंग्लंडमधले ब्रास बँड 1960च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजत. त्यांचा ‘ए’ (ज्यावरून वाद्यं जुळवतात तो स्वर) सुमारे 452 हर्ट्‌झचा, आपला आजचा 440चा. हा फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्मा होतो. त्या पट्टीतलं वाद्य आजच्या सुरात आणायला मुख्य स्लाइड सुमारे दोन सेंटीमीटर जास्त ओढावी लागते. मग पिस्टनच्या तिन्ही स्लाइडही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात, नाहीतर ‘सा’ जुळतो आणि बाकीचे स्वर बेसूर होतात.

त्यात आपला उन्हाळा. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना बाजूचा कॅशिओ आपल्या जागेवर ठाम राहतो आणि ट्रम्पेट वर सरकतो. म्हणून पावसाळ्यात तपासताना सूर जुळल्यावरही स्लाइड आणखी किती ओढता येते ते बघा. दीड-दोन सेंटीमीटर शिल्लक हवेत. काही जुन्या ट्रम्पेटांबरोबर चढ्या आणि उतरत्या पट्टीच्या दोन वेगळ्या स्लाइड येत. दुसरी कुठे पडली आहे का, हे मालकाला जरूर विचारा.

मग पिस्टन

तिन्ही पिस्टन बाहेर काढा. त्यांच्यावर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, ते ज्याच्या त्याच्या नळीत आहेत ना, हे बघा. चंदेरी मुलाम्याखालून पिवळे-तांबूस पट्टे डोकावत असतील तर पिस्टन झिजला आहे. काही पिस्टन मोनेल धातूचे, मुळातच राखाडी असतात. त्यांना दोष देऊ नका.

आता दाब तपासा. विक्रेत्याने जाड तेल घातलं असेल तर गळती लपते, म्हणून पिस्टन पुसून आपलं पातळ तेल लावा. पिस्टन न दाबता पहिली स्लाइड दोन सेंटीमीटर ओढा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग पिस्टन दाबा. ‘पॉक’ असा ठसठशीत आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. नुसतंच ‘फुस्स’ झालं किंवा काहीच आलं नाही, तर हवा गळतेय. तिसऱ्यालाही असंच करा. स्प्रिंग, नमदे (लोकरीच्या मऊ चकत्या), बुचं बदलून मिळतात, त्यांच्यासाठी वाद्य नाकारू नका. झिजलेल्या पिस्टनला नवा मुलामा चढवून तो नळीत बसवणं मात्र तालुक्याच्या गावी होणारं काम नाही. मग ट्रम्पेट कितीही नामांकित असो, मी तरी तो सोडून देईन.

बाकीचं भरभर

मुख्य स्लाइड काढून माऊथपीसकडे जाणाऱ्या नळीत उजेडाकडे धरून बघा. बाहेरून गुलाबी-तांबूस ठिपके दिसले, तर लाळेने आतून पितळेतलं जस्त खाल्लंय. पुढे तिथेच भोक पडतं. नळी बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करा.

चारही स्लाइड हाताने हलायला हव्यात. भोंग्याच्या कडेचे पोचे फारसे नडत नाहीत, कारागीर ते काढतो. पिस्टनच्या नळीवरचा लहानसा पोचाही पिस्टन अडकवतो. कोरलेली अक्षरं अगदी पुसट झाली असतील तर घासून घासून पत्रा पातळ झालाय, असं समजा.

तुमचा माऊथपीस नीट बसत नसेल तर ते बहुधा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच दिसणारं दुसरं वाद्य असेल. तेही बी फ्लॅटचंच, आवाज मात्र जास्त मऊ. अडकलेला माऊथपीस पक्कडीने पिळून काढू देऊ नका.

शेवटी हळू फुंकून लांब स्वर धरा. जोरात वाजवताना गळकं वाद्यही बरं वाटतं, मंद आवाजात ते तुटायला लागतं.

घरी आणल्यावर पिस्टन आणि नमदे काढून नळ्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. पाणी कडक नको, लॅकर (पितळेवरचा चकचकीत लेप) सुटतं. पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइलच वापरा. खोबरेल डिसेंबरच्या पहाटे थिजतं आणि दाबलेला पिस्टन वर येत नाही.