खताची बादली: आधी पाचोळा, मग कचरा

घरी खत करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी डबा विकत आणतात. माझं सांगणं उलटं आहे: आधी पाचोळ्याचं पोतं भरा.

माझी पहिली बादली आठव्या दिवशी नासली. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा रोज त्यात जात होतं, पण कोरडं काहीच नव्हतं. कचऱ्यावर जगणाऱ्या जिवाणूंना एका भाग नायट्रोजनमागे साधारण 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाल्यात तो 15-20 च्या आसपास असतो, वाळलेल्या पानांत 50 च्याही वर. शिवाय पानं जादा पाणी शोषतात आणि मध्ये हवा खेळती ठेवतात. हवा कोंडली की सडका वास सुटतो.

पुण्यात पानांना तोटा नाही. माघ-फाल्गुनात सोसायटीच्या आवारात, प्रभात रस्त्यासारख्या झाडीच्या रस्त्यांवर सकाळी झाडून लावलेले ढीग दिसतात. पानं जाळायला बंदी आहे, तरी कुठे कुठे धूर दिसतोच. ढीग पेटण्याआधी पोती भरून आणा. पायाने दाबून भरलेली पाच-सहा पोती चौघांच्या घराला वर्षभर पुरावीत. फक्त ती पावसात भिजू देऊ नका.

आता बादली. रंगाची रिकामी, झाकणाची 20 लिटरची बादली छान चालते. स्वच्छ धुऊन तिच्या तळाला आणि चारी अंगांना बोटभर अंतरावर भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, खाली जुनी ताटली. बाल्कनीत थेट ऊन लागणार नाही अशी जागा हवी. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काड्या, त्यावर चार बोटं पाचोळा.

रोजचं काम पाच मिनिटांचं. कचरा चाळणीत निथळू द्या, मोठे तुकडे चिरा, बादलीत पसरा आणि वर दोन-तीन ओंजळी चुरलेली पानं घाला. कचरा उघडा दिसता कामा नये, चिलटं तिथेच येतात. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर शेणखत किंवा कुणाकडचं तयार खत मिसळा. तेही नसेल तर आंबट ताक शिंपडा. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करा.

शिजवलेलं तेलकट अन्न, मटण-मासळीची हाडं, दूध सुरुवातीला नकोच. आंब्याच्या कोयी आणि कणसाची बुरकुंडं फार सावकाश कुजतात. अंड्याची टरफलं चुरून टाका. निर्माल्य चालतं, दोरा आणि प्लास्टिक काढून.

ओल बरोबर आहे का, हे मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन एखादाच थेंब सुटला तर ठीक. धार लागली किंवा वास आला तर पाचोळा घालून हलवा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय. एप्रिल-मेमध्ये पुण्यात हे हमखास होतं, थोडं पाणी शिंपडा. जाडसर पांढरट-तपकिरी अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा झपाट्याने खातात. आवडत नसतील तर पानांचा थर वाढवा.

बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. महिन्या-दीड महिन्याने पहिली तपासा. ढीग निम्म्यावर आलेला, रंग काळपट, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार. चाळून घ्या, वरचा राहिलेला चोथा पुढच्या बादलीत घाला. कच्चं खत मुळांना सोसत नाही, म्हणून घाई करू नका. कुंडीत एक भाग खत आणि दोन भाग माती पुरे.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर गेला. तिथली माणसं त्या दुर्गंधीत जगली. दुर्गंधी असते ती ओल्या कचऱ्याची, आणि तोच आपल्या बाल्कनीत जिरतो. महापालिका गांडूळखतासारख्या प्रकल्पांना मिळकतकरात सवलत देते. अटी मिळकतकर विभागात विचारून घ्या. सोसायटीत इतर दोन-तीन घरं तयार झाली तर पानांची पोती एकत्र ठेवायला जागाही सहज मिळते.