कोणी कोणाच्या देशात फौज घातली: तक्ता कसा करायचा

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या अभ्यासिकेत 'लष्करी हस्तक्षेप' म्हटलं की पोरं व्याख्या घोकायला बसतात. ती राहू द्या. बर्डीवरून जगाचा कोरा नकाशा आणा, मोठं रजिस्टर घ्या अन् चार रकाने आखा: बोलावलं कोणी, वाट कोणती, परतले कधी, पाठीशी कोण. 'बरोबर कोण' हा रकाना नको. मे महिन्यात तेवढ्यावरून अख्खी दुपार भांडणात जाते.

आधी आपलाच भाग भरा. १९८८ मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, ३ नोव्हेंबरच्या रात्री आग्र्याहून निघालेली विमानं तिथल्या विमानतळाच्या बेटावर, हुलहुलेला, उतरली, उठाव मोडला. श्रीलंकेत १९८७ ला शांतिसेना गेली तीही करारानेच. पण तमिळ वाघांशीच (एलटीटीई या बंडखोर संघटनेशी) लढत बसली आणि १९९० मध्ये परतली. निमंत्रण दोन्हीकडे होतं, म्हणून पहिल्या रकान्यावर निकाल देऊ नका.

आता मला सर्वांत आवडणारी जोडी. ऑक्टोबर १९७८ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या फौजेने टांझानियाचा कागेरा भाग बळकावला. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांचं सैन्य उलट चालून गेलं आणि एप्रिल १९७९ मध्ये युगांडाची राजधानी कंपाला पडली. त्याच हिवाळ्यात, सीमेवरच्या हल्ल्यांना वैतागून व्हिएतनाम कंबोडियात शिरला, ७ जानेवारीला राजधानी नॉम पेन्ह घेतली. दोन्हीकडे कारण सारखं, हटवलेली राजवटही क्रूर. तरी टांझानियावर टीका होऊन विषय मिटला; व्हिएतनामवर मात्र फेब्रुवारीत चीन चालून आला आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा हटवलेल्या पोल पॉटच्याच गटाकडे राहिली. का? चौथा रकाना बघा: पोल पॉटमागे चीन होता, व्हिएतनाममागे सोव्हिएत संघ. शिवाय व्हिएतनामी फौज १९८९ पर्यंत हलली नाही.

पश्चिम आफ्रिकेत फौज बहुधा तिथल्या देशांच्या संघटनेच्या (इकोवास) नावाने जाते. १९९० ला लायबेरियात गेलेल्या सैन्यात भरणा नायजेरियाचा, हे मात्र लिहाच. २०१७ च्या जानेवारीत गांबियात सेनेगलचे सैनिक शिरले आणि निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणारा अध्यक्ष जामेह देशाबाहेर गेला. आखातात मार्च २०११ मध्ये सौदी गाड्या समुद्रावरच्या पुलावरून बहारीनमध्ये उतरल्या, राजाला वाचवायला. 'वाट' हा रकाना उगाच नाही ठेवला, भाऊ.

दक्षिण अमेरिकेचं पान विरळ राहील. पेरू-इक्वेडोरची १९९५ ची चकमक टाका अन् पुढे चला. तिथली सरकारं पाडली ती जास्त करून घरच्याच लष्कराने. युक्रेनपुढचा 'परतले कधी' तेवढा कोरा ठेवा.